लाली गेली, पण दिव्यांभोवती वलयं दिसतात

डॉक्टर,

महिन्यापूर्वी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाचा उजवा डोळा लाल झाला, तीन-चार दिवसांत डावाही. त्याच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे डोळे आले होते. त्याला थोडा ताप होता, घसाही दुखत होता. औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिकचे ड्रॉप्स आणून घातले. फरक दिसेना म्हणून दुसरे आणले. आठवडा-दहा दिवसांत तो बरा झाला, पण तोवर माझे डोळे आले आणि माझ्यामागोमाग सासूबाईंचे. ड्रॉप्सची बाटली सगळ्यांना तीच वापरली.

मला मुलापेक्षा कितीतरी जास्त त्रास झाला. पापण्या सुजून डोळे उघडेनात, सारखं पाणी, आत खडा गेल्यासारखी टोचणी, उजेड नकोसा, कानापुढे दुखरी गाठ. दोन आठवड्यांनी लाली ओसरली आणि सुटले असं वाटलं. पण आता पाच-सहा दिवस दिव्यांभोवती वलयं दिसतात, अक्षरं पुसट वाटतात. सासूबाईंना अजून आठच दिवस झालेत, त्यांचे दोन्ही डोळे लाल आहेत. सहा महिन्यांपूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हाच्या स्टेरॉइडच्या ड्रॉप्सची बाटली अर्धी शिल्लक आहे. शेजारच्या वहिनी म्हणतात, तेच घाल, मला दोन दिवसांत उतार पडला होता. घालू का?

आणखी एक. मी घरात सगळ्यांना गॉगल लावायला लावला, कुणाच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही, सॅनिटायझर तर सतत हातात होतं. तरीही सासूबाईंना माझ्यामुळेच झालं. त्यांच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्याला काही झालं तर? ही खंत मनातून जात नाही.

एक वाचक

ताई,

तुमच्या थेट प्रश्नाचं उत्तर आधी देते: ती बाटली घालू नका. तुमच्या डोळ्यांत नको आणि सासूबाईंच्या डोळ्यांत तर मुळीच नको. आजच टाकून द्या. एकदा उघडलेले ड्रॉप्स साधारण महिनाभरच वापरायचे असतात, पण ते कारण दुय्यम आहे. बाटली अगदी नवी असती तरी मी हेच सांगितलं असतं. का, ते नीट सांगते, कारण ही गोष्ट पटली नाही तर पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी सांगण्यावरून अशीच बाटली उघडली जाईल.

तुम्ही जे वर्णन केलं आहे ते वाचल्यावर मनात पहिलं नाव येतं ते अॅडेनोव्हायरसचं. एका डोळ्यातून दुसऱ्यात जाणारी लाली, पू नाही पण सारखं पाणी, खडा टोचल्यासारखं वाटणं, कानापुढचं अवधाण, घरात एकामागून एक माणूस आजारी पडणं आणि शेवटी बाकी सगळं बरं झाल्यावर सुरू झालेली धूसर नजर. विषाणूमुळे येणाऱ्या डोळ्यांमध्ये सर्वाधिक वेळा हाच विषाणू असतो. त्याचे शंभराहून अधिक प्रकार आज माहीत आहेत. बहुतेक प्रकार सर्दी-खोकला, घसा किंवा पोट एवढ्यावरच भागवतात. काही मोजके डोळ्याला धरतात. ३, ४ आणि ७ या क्रमांकांचे प्रकार मुलांमध्ये ताप, घसा आणि लाल डोळे असं तिन्ही एकत्र घडवतात. ८, ३७ आणि ६४ हे प्रकार त्याहून जड असतात. ते डोळ्याच्या पांढऱ्या भागावर थांबत नाहीत, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यापर्यंत, म्हणजे कॉर्नियापर्यंत पोचतात. नेमका प्रकार प्रयोगशाळेतल्या तपासणीशिवाय ठरत नाही आणि त्यावर तुमचे उपचार फारसे अवलंबूनही नाहीत. मुलाला ताप-घसा झाला आणि तुम्हाला तो झाला नाही, म्हणून दोघांना दोन वेगळे आजार झाले असं समजू नका. एकच विषाणू लहान मुलात अंगभर लक्षणं दाखवतो आणि मोठ्या माणसात सगळा जोर डोळ्यांवर काढतो, हे आम्ही नेहमी पाहतो.

आता हा विषाणू डोळ्यात जाऊन करतो काय, ते सांगते. तुमच्या सगळ्याच प्रश्नांची उत्तरं त्यातून निघतात.

अॅडेनोव्हायरसचा एक कण म्हणजे मिलिमीटरचा साधारण दहा हजारावा भाग. वीस पृष्ठं आणि बारा टोकं असलेलं प्रथिनांचं टणक कवच आणि आत गुंडाळलेला डीएनए, एवढाच त्याचा संसार. प्रत्येक टोकातून एक बारीक तंतू बाहेर आलेला असतो आणि तंतूच्या शेवटी गोळा. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या जातीचे निरनिराळे रेणू असतात. त्यातलाच एक म्हणजे सियालिक आम्ल. डोळ्याला जडणारे ८, ३७ आणि ६४ हे प्रकार आपल्या तंतूच्या गोळ्याने या आम्लाला धरतात आणि डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या पेशींवर ते भरपूर असतं. एकदा पकड बसली की तंतूच्या बुडाशी असलेलं दुसरं प्रथिन पेशीच्या दुसऱ्या रेणूला हात घालतं आणि पेशी स्वतःच त्या कणाला आत ओढून घेते. आत गेल्यावर विषाणू स्वतःभोवतीची पिशवी फोडून बाहेर पडतो, पेशीच्या अंतर्गत वाहतुकीच्या तंतूंवरून केंद्रकापर्यंत जातो आणि आपला डीएनए तिथे सोडतो. पुढचा दीड-एक दिवस ती पेशी तुमची राहत नाही. ती विषाणूच्या हजारो प्रती तयार करते, शेवटी फुटते आणि त्या प्रती अश्रूंमध्ये मिसळतात.

या सुरुवातीच्या काळात तुम्हाला काहीच जाणवत नाही. एरवी संसर्ग झालेली पेशी आतल्या विषाणूचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर आणून ठेवते, म्हणजे संरक्षक पेशींना ते दिसावेत. अॅडेनोव्हायरस असं एक प्रथिन बनवतो की ते तुकडे वर पोचण्याआधीच अडवले जातात. त्यामुळे शरीराला सुगावा उशिरा लागतो. संसर्ग झाल्यापासून डोळा लाल होईपर्यंत बहुतेकांच्या बाबतीत पाच ते बारा दिवस जातात, कधी कमी, कधी चौदाही. तुमच्या मुलानंतर नऊ-दहा दिवसांनी तुमची पाळी आली, त्यानंतर बारा दिवसांनी सासूबाईंची. हिशेब अगदी बसतो. आणि या लपलेल्या काळाच्या शेवटच्या दिवसांत, डोळा लाल होण्याआधीच, माणूस दुसऱ्याला संसर्ग देऊ शकतो. तुमचे डोळे आल्याचं तुम्हाला कळलं तोवर टॉवेल, दाराची कडी, उशीचा अभ्रा, मोबाइल हे सगळं हाताळून झालेलं होतं. तेव्हा सासूबाईंच्या बाबतीत स्वतःला बोल लावताना हे ध्यानात घ्या.

शरीराला एकदा पत्ता लागला की मात्र ते पूर्ण ताकदीने उतरतं. पापण्यांची सूज, लाली, वाहणारं पाणी हे बरंचसं त्या प्रतिकाराचं रूप आहे. कानापुढची गाठ म्हणजे डोळ्याकडचा लसिका द्रव जिथे गाळला जातो ती गाठ, कामाला लागलेली. दुसरा डोळा सहसा पहिल्याइतका बिघडत नाही, कारण तिथे विषाणू पोचेपर्यंत शरीराची तयारी झालेली असते.

आता तुमची धूसर नजर. साधारण दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, लाली उतरू लागलेली असताना, काही रुग्णांच्या कॉर्नियात अगदी वरच्या थराखाली बारीक, गोल, पांढुरके ठिपके दिसू लागतात. विषाणू वरच्या थरात वाढला, त्याची प्रथिनं झिरपून खालच्या थरात अडकली. आता तिथे विषाणू वाढत नाही, पण त्याचे अवशेष ओळखून संरक्षक पेशी तिथे जमा होतात. त्या पेशींचे पुंजके म्हणजे हे ठिपके. कॉर्नियाचं सगळं काम तिच्या नितळपणावर चालतं. मधे असा एखादा पुंजका आला की प्रकाश सरळ न जाता पसरतो. काचेवर श्वास सोडला की पलीकडचा दिवा फुलून दिसतो, तसंच. म्हणून तुम्हाला दिव्यांभोवती वलयं दिसतात, अक्षरांच्या कडा पुसट होतात, रात्री समोरून गाडी आली की डोळे दिपतात. तपासणीत तक्त्यावरची शेवटची ओळही कदाचित तुम्ही वाचून दाखवाल, आणि तरीही दिसण्यात काहीतरी बिघडलं आहे ही तुमची तक्रार खरी असेल. कुणी ‘नजर तर चांगली आहे’ म्हणून ती उडवून लावली तर ऐकून घेऊ नका.

मात्र हे ठिपके आहेत की दुसरं काही, हे मी पत्रावरून ठरवू शकत नाही. तुम्ही या आठवड्यातच नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या भिंगाखाली, तपासणी करून घ्या. वाट पाहू नका. तोपर्यंत रात्री गाडी चालवू नका.

ठिपके असतील तर बहुतेकांचे ते आपणहून विरतात, पण त्यांना वेळ लागतो. कुणाला काही आठवडे, अनेकांना काही महिने, थोड्यांना वर्ष-दोन वर्षंही. ऐकायला हे जड वाटेल हे मला समजतं. पण एखाद्या आठवड्यात जाईल असं सांगितलं, तर पुढच्या आठवड्यात तुम्ही त्या बाटलीकडे वळाल, म्हणून खरं तेच सांगते.

कारण इथे खरा मोह स्टेरॉइडचाच आहे. वहिनी खोटं बोलत नाहीत. स्टेरॉइड घातलं की दोन दिवसांत लाली जाते, ठिपकेही फिकट होतात, नजर उजळते. स्टेरॉइडचं कामच प्रतिकाराला आवर घालण्याचं. पण त्याने विषाणूचे अवशेष जात नाहीत. ड्रॉप्स थांबवले की पुंजके पुन्हा जमतात, मग पुन्हा ड्रॉप्स, आणि बघता बघता माणूस महिनोन्‌महिने त्यावर राहतो. इतके दिवस स्टेरॉइड घातलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो. दाब वाढताना दुखत नाही, म्हणून कळत नाही. दृष्टीची नस मात्र झिजत राहते आणि झिजलेली नस परत येत नाही. शिवाय मोतीबिंदू लवकर धरतो. विषाणू जिवंत असतानाच्या पहिल्या दिवसांत घातलं, तर अश्रूंमधून विषाणू बाहेर पडण्याचा काळ लांबतो, म्हणजे घरातल्यांचा धोका वाढतो. आणि सगळ्यात वाईट शक्यता अशी, की लाल डोळा अॅडेनोव्हायरसचा नसून नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूचा असेल. त्याची जखम कॉर्नियावर फांद्यांसारखी पसरते, आणि स्टेरॉइड मिळालं की ती खोल जाऊन कायमचा व्रण सोडू शकते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही डोळे सारखेच लाल दिसतात.

म्हणून स्टेरॉइड कधीच नाही, असं मी म्हणत नाही. पापणीच्या आत पडदा धरला असेल किंवा ठिपक्यांमुळे कामच होत नसेल, तर आम्ही सौम्य स्टेरॉइड देतो, दाब मोजत राहतो आणि थेंब हळूहळू कमी करत आणतो. फार दिवस लागणार असेल तर स्टेरॉइड नसलेल्या सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमसच्या ड्रॉप्सचा पर्याय असतो. पण हे डोळा भिंगाखाली पाहून, तारीख ठरवून करायचं काम आहे.

अँटिबायोटिकबद्दल थोडक्यात. ते जिवाणूंच्या भिंतीवर किंवा त्यांच्या स्वतःच्या यंत्रणांवर घाव घालतं. अॅडेनोव्हायरसला ना भिंत, ना स्वतःची तशी यंत्रणा. मुलगा बरा झाला तो दुसऱ्या ड्रॉप्सने नव्हे, त्याच्या शरीराने आजार निस्तरला म्हणून. डोळ्यातल्या अॅडेनोव्हायरसला मारणारं मान्यताप्राप्त औषध आजही उपलब्ध नाही. निरनिराळ्या औषधांचे प्रयोग झाले आहेत. त्यात पोव्हिडोन आयोडीनचाही आहे, पण तो ठरावीक प्रमाणात पातळ करून, डॉक्टरांनी, दवाखान्यात करायचा. जखमेवर लावायची बाटली कुणी डोळ्यात घालायला सांगितली तर घालू नका, डोळा भाजेल. मध, दूध, कसलेही अर्क यांचंही तेच. सुजलेल्या डोळ्यात निर्जंतुक नसलेलं काहीही जाता कामा नये.

आता तुमच्या मनातल्या खंतीकडे येते. तुम्ही काळजी घेतलीत, पण जी घेतलीत ती या विषाणूला लागू पडणारी नव्हती आणि कुणी तुम्हाला ते सांगितलं नव्हतं.

आलेल्या डोळ्यांकडे पाहिल्याने डोळे येत नाहीत. नजरेतून कुठलाही विषाणू जात नाही. तो अश्रूंमधून बोटांवर येतो, बोटांवरून वस्तूंवर, वस्तूंवरून दुसऱ्याच्या बोटांवर आणि तिथून त्याच्या डोळ्यात. आजारी व्यक्तींच्या हातांची तपासणी केलेल्या एका अभ्यासात जवळपास निम्म्या जणांच्या हातांवर हा विषाणू सापडला होता. गॉगलने उजेडाचा त्रास वाचतो, डोळे चोळण्याची सवयही थोडी मोडते, तेवढ्यासाठी तो जरूर लावा. पण तोच गॉगल काढून टेबलावर ठेवला आणि दुसऱ्याने उचलला की तोही वाहक झाला.

सॅनिटायझरचं कारण विषाणूच्या घडणीत आहे. फ्लू किंवा करोनाच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचं वेष्टन असतं. अल्कोहोल ते विरघळवतं आणि विषाणू निकामी होतो. अॅडेनोव्हायरसला असं वेष्टनच नाही, नुसतं प्रथिनांचं कवच आहे. हातावर चोळलेलं अल्कोहोल काही सेकंदांत उडून जातं, तेवढ्यात त्या कवचाचं काही बिघडेलच असं नाही. याच कवचामुळे हा विषाणू कोरड्या प्लॅस्टिकवर, धातूवर कित्येक आठवडे तग धरतो. त्याला हरवायचा साधा मार्ग म्हणजे साबण लावून वाहत्या पाण्याखाली वीसेक सेकंद हात चोळणं. इथे विषाणू मरण्याची गरज नाही, हातावरून वाहून गेला की काम झालं. वस्तूंसाठी पातळ केलेलं ब्लीच चालतं. पृष्ठभाग काही मिनिटं ओला राहू द्यायचा, मग पुसून घ्यायचा. ब्लीच इतर कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.

आणि ती एकच बाटली. बाटलीचं टोक पापणीच्या केसांना लागतंच, कितीही जपलं तरी. एका डोळ्यातला विषाणू टोकावरून दुसऱ्या डोळ्यात जाण्याची ती सोपी वाट आहे. घरोघरी असंच होतं. एकाला आणलेलं औषध सगळ्यांना पुरवलं जातं, त्यात कुणाचा निष्काळजीपणा नसतो. यापुढे मात्र बाटली ज्याची त्याची वेगळी.

हा विषाणू जाणत्या माणसांनाही चकवत आला आहे. व्हिएन्नाचे नेत्रतज्ज्ञ एर्न्स्ट फुक्स यांनी कॉर्नियावर बारीक ठिपके येणाऱ्या या आजाराचं वर्णन १८८९ मध्येच केलं होतं. पण कारण पुढची साठहून जास्त वर्षं कुणाला कळलं नाही. दुसऱ्या महायुद्धात जहाजबांधणीच्या कारखान्यांत या आजाराच्या मोठ्या साथी आल्या, इतक्या की अमेरिकेत त्याला ‘शिपयार्ड आय’ म्हणू लागले. कामगारांच्या डोळ्यांत धातूचे कण उडत. ते काढून घ्यायला ते प्रथमोपचार केंद्रात जात आणि तिथल्याच हातांमधून, उपकरणांमधून संसर्ग घेऊन परतत. म्हणजे डोळे बरे करायला बसलेली माणसंच नकळत साथ पसरवत होती. अॅडेनोव्हायरस १९५३ मध्ये माणसाच्या नाकामागच्या अॅडेनॉइड ग्रंथींच्या ऊतींतून वेगळा काढला गेला, आणि १९५५ मध्ये अशाच आजाराच्या रुग्णाच्या डोळ्यातून त्याचा आठवा प्रकार मिळाला. आजही डोळ्यांच्या दवाखान्यांतून या संसर्गाची साथ पसरण्याच्या घटना घडतात. प्रशिक्षित माणसांच्या हातून, उपकरणं असलेल्या ठिकाणी जे निसटतं, ते एका घरात, एका आईच्या हातून निसटलं. आजारी मुलाचे डोळे पुसायला कुणीतरी हात लावणारच होतं.

सासूबाईंसाठी आता काय करायचं ते सांगते, कारण त्यांचं दुखणं अजून ऐन भरात आहे. ऑपरेशनला सहा महिने झाले म्हणजे जखम भरून आलेली असणार, आणि पृष्ठभागावरचा हा विषाणू त्यामुळे आत उतरेल अशी भीती बाळगू नका. तरीही ऑपरेशन झालेला डोळा लाल झाला की तो ज्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं त्यांनी पाहायलाच हवा. आतली सूज किंवा आतला संसर्ग नाही याची खात्री फक्त तपासणीतूनच होते. दुखणं वाढलं, नजर कमी झाली, तर त्याच दिवशी जा. निघण्यापूर्वी फोन करून ‘डोळे आलेत’ असं सांगा, म्हणजे त्यांना बाकीच्या रुग्णांमध्ये बसवणार नाहीत आणि उपकरणं वेगळी साफ होतील.

घरी त्यांना आराम मिळेल तो थंड, ओल्या, स्वच्छ कपड्याच्या घड्या पापण्यांवर ठेवल्याने. प्रत्येक डोळ्याला वेगळा कपडा, एकदा वापरला की धुवायला. कृत्रिम अश्रूंचे प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ड्रॉप्स दिवसातून चार-सहा वेळा घातले तर चुरचुर कमी होते. या वयात डोळे मुळात कोरडे असतात, त्यामुळे त्यांना याचा उपयोग तुमच्यापेक्षा जास्त होईल. दुखत असेल आणि इतर आजारांमुळे मनाई नसेल तर पॅरासिटामॉल चालेल. चिपडं बोटाने काढू नका. ओल्या कापसाने नाकाकडून बाहेरच्या बाजूला पुसा आणि कापूस लगेच टाका. त्यांच्या उशीचा अभ्रा रोज बदला. टॉवेल वेगळा ठेवा, गरम पाण्यात धुवा. तुम्ही त्यांचे ड्रॉप्स घालत असाल तर आधीही हात धुवा आणि नंतरही. आधी धुण्याचं बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही.

किती दिवस जपायचं? दुसरा डोळा लाल झाल्यापासून चौदा दिवस धरा. तेवढे दिवस अश्रूंमधून विषाणू बाहेर पडत असतो. तुमचे ते दिवस उलटून गेलेत. कॉर्नियावरचे ठिपके संसर्गजन्य नसतात, त्यामुळे नजर धूसर असली तरी तुमच्यापासून आता कुणाला धोका नाही. मुलाला जवळ घ्या, कामावर जा. सासूबाईंचे निदान सहा दिवस बाकी आहेत. त्यात त्यांना गर्दीत नेऊ नका.

घरात कुणी कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल तर डोळा पूर्ण पांढरा होईपर्यंत लेन्स बंद. आजाराच्या दिवसांत वापरलेली लेन्स आणि तिची डबी टाकून द्यायची, धुऊन पुन्हा वापरायची नाही. डोळ्यांचा मेकअपही तसाच. लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखू लागला, तर तो नुसता ‘डोळा आला’ असं गृहीत धरू नका. कॉर्नियात जिवाणूंची जखम झालेली असू शकते, आणि ती एक-दोन दिवसांत नजर घेऊ शकते. ठणकणारं दुखणं, अचानक कमी झालेलं दिसणं, बुबुळावर पांढरा डाग, पापणीवर किंवा कपाळावर पाण्याचे फोड, महिन्याभराच्या आतल्या बाळाचे चिकटलेले डोळे, डोळ्यात रसायन उडालेलं असणं, यातलं काहीही असेल तर घरी वाट पाहायची नाही. एकच डोळा लाल, डोकं दुखतंय, उलटी होतेय आणि दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतायत, तर तो डोळ्यातला दाब अचानक वाढल्याचा प्रकार असू शकतो. तेव्हा तर रात्र असली तरी निघा.

मुलाला पुन्हा होईल का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो तुमच्या मनात येणारच. ज्या प्रकाराने त्याला गाठलं, त्याच्याविरुद्ध त्याच्या शरीरात आता प्रतिकारशक्ती तयार झाली आहे. दुसऱ्या प्रकारासमोर ती पुरेलच असं नाही, म्हणून पुन्हा डोळे येऊ शकतात. कॉर्नियापर्यंत पोचणाऱ्या ८, ३७ आणि ६४ या प्रकारांवर लस नाही. ४ आणि ७ या दोन प्रकारांवर तोंडाने घ्यायची लस आहे, पण ती अमेरिकेच्या सैन्यातल्या जवानांना, श्वसनाच्या आजारासाठी दिली जाते. मुलांना रोजच्या रोज शिकवता येईल ती सवय एकच: डोळ्याला बोट लावायचं नाही, आणि लावायचंच असेल तर आधी साबणाने हात धुवायचे. त्याचा डोळा पुन्हा लाल झाला तर पोहण्याचा तलाव दोन आठवडे बंद ठेवा. क्लोरीन पुरेसं नसलेल्या तलावाच्या पाण्यातूनही अॅडेनोव्हायरसच्या साथी पसरल्या आहेत.

तपासणीला जाताना एका कागदावर तारखा लिहून न्या: मुलाचा डोळा कधी लाल झाला, तुमचा कोणता डोळा आधी, वलयं कधीपासून दिसतात, कोणते ड्रॉप्स किती दिवस घातले. आधी घातलेल्या दोन्ही अँटिबायोटिकच्या बाटल्या सोबत न्या, कारण त्यातल्या काहींमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं आणि नावावरून ते पटकन लक्षात येत नाही. तसं असेल तर डॉक्टरांना तुमचा दाब मोजावा लागेल. आणि ठिपके निघालेच, तर दोन गोष्टी विचारून घ्या: ते मध्यभागी आहेत की कडेला, आणि पुन्हा कधी दाखवायचं.